आकाराम सुभेदाराची माती

उंब्रजच्या अलीकडं, हायवेला लागून आकाराम सुभेदारांचं घर आहे, आणि घरापुढं आकाराम सुभेदारांचाच पुतळा आहे. पुतळा मेलेल्या माणसाचा असतो अशी आपली एक समजूत. सुभेदारांना ती मान्य नव्हती. गावातले एक ऑनररी कॅप्टन वारले तेव्हा त्यांच्या पोरांनी त्यांचा पुतळा बसवला आणि तो असा काही बिघडला, की कॅप्टनची बायको त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायची, परका पुरुष समजून. ते बघून सुभेदार म्हणाले, "मेल्यावर तक्रार करता येत न्हाई. जित्तेपणी बसवला तर दुरुस्ती तरी सांगता येती."

आणि त्यांनी बसवला. शिल्पकाराकडं कुठल्याशा चेअरमनचा एक पुतळा पडून होता. ऑर्डर देणाऱ्या मंडळात दोन गट पडले आणि न्यायला कोणीच आलं नाही. धड तयार होतं, मुंडकं तेवढं बदलायचं होतं. तेव्हा आता वर मान सुभेदारांची, तिच्यावर फौजी टोपी, आणि खाली धोतर, कोट अन् चांगलं सुटलेलं चेअरमनचं पोट, असा तो ऐवज बुटक्या चौथऱ्यावरून हायवेकडं बोट दाखवत उभा होता. सुभेदार स्वतः अंगानं काडी. चेहराही काही जमला नव्हता. तसं सांगितल्यावर शिल्पकार म्हणाला, "जुळत जाईल हळूहळू." पुतळ्याचा जुळत जाईल की सुभेदारांचा, हे त्यानं सांगितलं नाही.

चौथऱ्यावर नाव होतं, जन्माचं साल होतं, पुढं एक आडवी रेघ होती आणि रेघेपुढं फरशी मोकळी. सुभेदारांच्या बायकोची, बनुबाईंची, पुतळ्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्या त्याच्या बोटाला दुधाची किटली अडकवायच्या.

तक्रार होती ती एकट्या शिवतेजची. शिवतेज म्हणजे सुभेदारांचा मुलगा. मिरजेला एका दवाखान्यात तो सीटी स्कॅनच्या मशीनवर होता. दिवसभर लोकांच्या पोटातलं बघायचं आणि आपल्या पोटातलं कोणाला सांगायचं नाही, असा त्याचा स्वभाव. तीन वर्षं एकाच खोलीत राहणाऱ्या प्रांजललाही त्यानं आपलं गाव 'कराडच्या पुढं' एवढंच सांगून ठेवलं होतं. कराडच्या पुढं तसं काश्मीरही येतं.

प्रांजल त्याच दवाखान्यात कामाला, पण मूळचा विदर्भातला, वरुडचा. घरी संत्र्याची बाग. त्यानं समुद्र कधी बघितला नव्हता, आणि डोंगर बघितले होते ते त्याच्या म्हणण्याप्रमाणं बसके. शेवटी एका फेब्रुवारीत दोघांनी जोडून सुट्ट्या काढल्या. शिवतेज म्हणाला, "आमच्या भागात सगळं आहे. सकाळी डोंगर, दुपारी स्ट्रॉबेरी, संध्याकाळी समुद्र." सह्याद्री त्याच्या चुलत्यानं उभारल्यासारखा तो बोलत होता.

अडचण एवढीच, की मिरजेहून पाचगणीला जायचं तर उंब्रज लागतं. शिवतेजनं विटा, मायणी, वडूज असा एक वळसा काढला. प्रांजलनं मोबाईलवर नकाशा बघितला आणि विचारलं, "पाचगनीले चाललो का सोलापूरले?" गाडी प्रांजलची होती. मग शिवतेजनं ठरवलं, उंब्रज आलं की पलीकडचा एखादा डोंगर दाखवायचा आणि ऐंशीच्या स्पीडनं पुढं काढायची.

पण हायवेचं काम चाललेलं. उंब्रजच्या अलीकडं सगळी वाहनं बाजूच्या रस्त्यावर वळवलेली आणि ती ऊस भरलेल्या बैलगाडीच्या मागून, बैलगाडीच्याच चालीनं निघालेली. शिवतेजचा डोंगर दाखवून झाला, दुसरा दाखवून झाला, तरी घर येईना. आणि आलं तेव्हा गाडी बरोबर पुतळ्यासमोर येऊन थांबली.

"अबे!" प्रांजल ओरडला. "हे काय हाय?"

"कोणाचा तरी पुतळा आहे. चल पुढं, जागा झालीय."

"कुठी जागा झाली? पोट पाह्य ना याचं! वरून फौजी, खालून सरपंच! मी फोटो काढून येतो."

तो उतरलासुद्धा. शिवतेजनं तोंडाला रुमाल बांधला, टोपी नाकापर्यंत ओढली आणि सीटवरून घसरत घसरत पार खाली जाऊन बसला. नशिबानं आबा, म्हणजे सुभेदार, उसाच्या फडात गेले असावेत. आई परड्यात होती. तिचा आवाज येत होता, म्हशीशी बोलत होती. म्हशीला ती जे म्हणाली ते त्याला स्पष्ट ऐकू आलं, "तुझ्यापरीस माझं पोरगं बरं, म्हैन्यातनं एकदा तरी तोंड दाखवतंय."

प्रांजल हसत परत आला. "कोन होते हे काका? तुह्याच आडनावाचे दिसतात."

"आमच्यात अर्धा तालुका एकाच आडनावाचा."

"पन होते कोन?"

"होते कोणी तरी," शिवतेज म्हणाला. "वारले."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. डास मारावा इतक्या सहज त्यानं बाप मारला होता. बापाच्या दारात, आई हाकेच्या अंतरावर असताना.

"तारीख नाई लिवली न पन."

"निधी संपला असेल."

प्रांजलचं हसू एकदम गेलं. "लेका, फौजी मानूस होता अन् मी त्याच्या पोटावर हसलो," तो म्हणाला आणि सातारा येईपर्यंत गप्प बसला. शिवतेजला तो हसत होता तेच बरं होतं असं वाटायला लागलं.

पाचगणीला टेबललँडवर दोघं फिरले. एवढा उंच डोंगर वरनं सपाट कसा, याबद्दल प्रांजलनं शिवतेजलाच जबाबदार धरलं. मग स्ट्रॉबेरीच्या शेतावर गेले. काळ्या कागदाचे लांब वाफे, त्यातनं बाहेर आलेली बुटकी रोपं, आणि पानाखाली लपलेली लाल फळं. आपलं आपण तोडून डबा भरायचा होता.

"संत्रं कसं, ताठ मानेनं तोडाव लागते," कंबर धरत प्रांजल म्हणाला. "अन् हे पाह्य! येवढंसं फळ, त्याच्या पाया पडा, मंग ते हाती येते."

डबा भरून दोघं झाडाखाली बसले. प्रांजल मोबाईलवर बराच वेळ काही तरी लिहीत होता. शिवतेज पोटभर स्ट्रॉबेरी खात होता. एवढ्यात त्याचा फोन वाजला. मावसभाऊ सिद्धू होता.

"शिवा, लय वाईट झालं गड्या," सिद्धूचा आवाज भरून आला होता. "माती किती वाजता हाय?"

"कोणाची?"

"आसं करू नगंस. धीर धर. आता तूच मोठा."

"अरे पण गेलं कोण?"

पलीकडं सिद्धू कोणाला तरी म्हणाला, "पोरगं भ्रमिष्ट झालंय गं," आणि त्यानं फोन ठेवला.

शिवतेज फोन ठेवतो तोवर चुलत्याचा आला. मग ज्या काकूशी भाऊबंदकीमुळं बोलणं बंद होतं तिचा. तिसऱ्या फोनला त्याची स्ट्रॉबेरी घशात अडकली. "प्रांजल," तो म्हणाला, "तू आत्ता काय लिहिलंस?"

प्रांजलनं साधेपणानं मोबाईल पुढं केला. सकाळी हसल्याचं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं, म्हणून त्यानं पुतळ्याचा फोटो स्टेटसला लावला होता आणि खाली लिहिलं होतं : 'देशसेवक कै. सुभेदार आकाराम, उंब्रज, यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोत पुतळा स्पष्ट दिसत होता, पण आपल्याकडं फोटो कोण बघतं? लोक खालचं वाचतात. दवाखान्यातल्या सृष्टी सिस्टरनं ते वाचलं. तिचं माहेर मसूरचं. तिथून ते गावाच्या ग्रुपवर गेलं, गावाच्या ग्रुपवरून माजी सैनिकांच्या. माजी सैनिकांच्या ग्रुपवर एकदा हुकूम आला की तो परत विचारायची पद्धत नाही.

"काढ ते," शिवतेज म्हणाला.

"काऊन?"

खरं सांगायची ती वेळ होती. त्याच्या तोंडातनं निघालं ते वेगळंच. "पुतळ्यांचं असं परवानगीशिवाय टाकता येत नाही. गुन्हा आहे."

प्रांजलनं बिचाऱ्यानं काढलं. पण बातमी म्हणजे काही वाळत घातलेली चादर नव्हे, ओढली की आली. शिवतेजनं आबांना फोन लावला. नुसतीच रिंग. फडात जाताना आबा फोन चार्जिंगला लावून जातात, रानात ढेकळात पडतो म्हणून. आईचा फोन सारखा बिझी. शेवटी त्यानं विचार केला : आबा जिवंत आहेत हे आबांना चांगलं माहीत आहे. तेव्हा ते स्वतःच सगळ्यांना सांगतील. त्यांच्याइतकं अधिकारानं दुसरं कोण सांगणार? असा विचार करून त्यानं फोन बंद केला आणि म्हणाला, "चल, समुद्राला उशीर होतोय."

महाबळेश्वर मागं टाकून आंबेनळीच्या घाटानं ते कोकणात उतरले. शिवतेज वळणावळणावर दऱ्या दाखवत होता. प्रतापगड दाखवताना त्याचा आवाज चिरकला. घरी बापाच्या मयताला लोक गोळा होत असताना आपण मित्राला निसर्ग दाखवतोय, हे त्याला घाटात दर किलोमीटरच्या दगडाला आठवत होतं. एकदा वाटलं गाडी वळवावी. पण वळवली तर कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा समुद्र जवळ होता.

गुहागरला पोचले तेव्हा सूर्य बुडायला आलेला. प्रांजल चपला हातात घेऊन पळत सुटला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरला. पाण्याची चूळ भरून ओरडला, "खरंच खारं हाय बे!" आजवर पुस्तकांनी त्याला फसवलं असेल अशी त्याला शंका असावी. शिवतेज वाळूत गुडघे पोटाशी घेऊन बसला. येणाऱ्या जाणाऱ्याला वाटावं, हा दुखवट्याला बसलाय. त्यानं फोन चालू केला. चालू झाल्या झाल्या तो वाजला.

"शिवा," आबा होते. त्यांचा आवाज फौजी. फोनला स्पीकर कधी लागला नाही. "कुटं हाईस?"

"आबा... बाहेर आहे जरा."

"हितं मानसं जमल्यात. मी मेलोय म्हंत्यात. मी फडातनं आलो तर दारात ही गर्दी. बायका रडत आल्या तवा तुझ्या आईनं आदी गळा काढला आन् मग इच्यारलं, 'पर गेलं कोन?'"

"मग तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगतोय की. पर लांबची येत्यात त्यास्नी कुटं ठावं? एकानं बांबू आणलं. बरं हायत, दोडक्याच्या मांडवाला लावलं. शेजारणींनी कडू घास आणलाय, पिठलं-भाकरी. मयताच्या घरातनं अन्न माघारी न्यायचं नसतं म्हून ठिवून गेल्यात. मीच खाल्लं. त्ये सगळं चालतंय. पर पोरगा मातीला आला न्हाई म्हून लोकं नावं ठिवायला लागल्यात. ऐकाय वंगाळ वाटतंय रं."

शिवतेज बोटानं वाळूत रेघ ओढत राहिला.

"आन् कोन प्रांजल म्हून हाय, त्येनं ह्ये टाकलंय. तुझ्याच दवाखान्यातला हाय म्हंत्यात. वळखतोस का त्येला?"

"न्हाई, आबा."

फोन ठेवून त्यानं मान वर केली. समोर प्रांजल उभा होता. नखशिखांत निथळत होता आणि हातातल्या चपला त्यानं छातीशी धरल्या होत्या.

"ते तुहे वडील हायेत?"

शिवतेजनं मान डोलावली.

"अन् मले म्हनला वारले."

"हं."

"अन् आता मी बी वारलो." प्रांजलनं चपला वाळूत टाकल्या आणि पायात घातल्या. "चाल. आत्ता निंघू."

"आत्ता अंधारात घाट..." शिवतेज म्हणाला. घाटाची त्याला भीती नव्हती. या रस्त्यानं तो झोपेतही गाडी चालवू शकला असता. आणखी एक रात्र मिळाली तर बरं, एवढंच त्याला वाटत होतं. प्रांजलला ते कळलं असावं. तो गाडीत जाऊन सीट मागं पाडून झोपला. उजाडताच निघाले. कुंभार्लीचा घाट आला, दरीत धुकं पसरलेलं, वर उन्हाची तिरीप. बघण्यासारखं होतं. कोणी दाखवलं नाही, कोणी बघितलं नाही. कोयनेच्या कडेनं पाटण आलं तेव्हा प्रांजलनं एकच विचारलं, "आई हाय ना? का तिले बी..."

"आहे," शिवतेज म्हणाला.

घरापुढं खुर्च्या मांडलेल्या. पुतळ्याच्या सावलीत आबा पांढऱ्या बनियनवर बसून आल्यागेल्याला रामराम करत होते. एकेका खुर्चीत एकेक मिशाळ फौजी. एकानं आणलेलं पुष्पचक्र वाया जाऊ नये म्हणून पुतळ्याच्या पोटावर टेकवून ठेवलेलं. शिवतेज उतरला तशी कुजबुज थांबली. कोणी तरी म्हणालं, "आला एकदाचा." पडवीत बनुबाई चहा गाळत होत्या. त्यांनी लेकाकडं बघितलं आणि परत गाळणीकडं बघितलं.

शिवतेजच्या आधी प्रांजल पुढं झाला आणि त्यानं सरळ आबांचे पाय धरले. "काका, मी प्रांजल. माह्या हातून झालं. मले माफ करा."

"तू व्हय?" आबांनी त्याला न्याहाळलं. "बस. च्या घे. आवं, ह्या पोराला खुर्ची द्या. पर मला सांग, मी मेलो ह्ये तुला सांगितलं कुनी?"

प्रांजलनं शिवतेजकडं बघितलंही नाही. "कोनी नाई, काका. तारीख नव्हती न. माहा अंदाज."

"अंदाज," एक मिशाळ फौजी म्हणाला. "अंदाजानं मानूस मारतोय व्हय? विदर्भात आसंच करत्यात?"

सगळे हसले. प्रांजलही कसनुसा हसला. सगळं त्याच्यावर जाऊन आता मिटल्यासारखं झालं होतं. शिवतेजला नुसतं गप्प बसायचं होतं आणि त्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण प्रांजलचे कान लालबुंद झालेले त्यानं बघितले. काल सकाळी ज्या माणसावर आपण हसलो म्हणून हा दिवसभर झुरला, त्याच माणसाच्या दारात आज हा आपल्यासाठी हसू झेलत उभा होता.

"मी सांगितलं, आबा."

"काय?"

"तुमी वारला म्हून. काल हितनं जाताना. गाडीत बसून."

पडवीतली गाळणी थांबली. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"का रं? पुतळ्यापायी का माझ्यापायी?"

"पुतळ्यापायी."

"मग पुतळा मेला म्हनायचं हुतंस."

कोणी हसलं नाही. आबा चिडले असते, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, तर शिवतेजला कुठं तरी टेकायला जागा मिळाली असती. ते नुसते त्याच्याकडं बघत राहिले. समोर आलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे का, असं बघावं तसे.

एवढ्यात दारात एक जीप थांबली आणि तिच्यातनं अर्जुना अण्णा उतरले. आबांच्या पलटणीतले, कोरेगावकडचे, वय नव्वदीला टेकलेलं, कानानं ठार बहिरे. गळ्यात मेडलं, हातात झेंडूचा हार, डोळ्यांतनं धारा. ते खुर्च्यांमधनं तरातरा आले, आबांच्या समोरून गेले, पुतळ्यापुढं टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला, आणि "आकाराम!" असा टाहो फोडून त्यांनी पुतळ्याच्या पोटाला मिठी मारली.

लोक उठायला लागले. आबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. "शिवा, तू जा. तू मारलंस, आता तूच उठीव."

शिवतेज अण्णांच्या कानाशी गेला. "अण्णा, आबा जित्तं हायत!"

"व्हय रं बाळा, लय चांगला मानूस हुता."

"जित्तं हायत! मेलं न्हाईत!"

"आमी नागालँडला संगट हुतो," अण्णा म्हणाले.

शिवतेजनं छातीत हवा भरली. समोर वळवलेल्या रस्त्यावर ट्रक, एसट्या, लग्नाच्या गाड्या एकामागं एक उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या काचा खाली होत्या. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "आबा मेलं न्हाईत! मी खोटं बोललो! मला लाज वाटली म्हून मी खोटं बोललो!"

एसटीतनं दोघातिघांनी माना बाहेर काढल्या. एका ट्रक ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. अण्णांना काही तरी पोचलं असावं. त्यांनी मिठी सोडली. शिवतेजनं त्यांना खांद्याला धरून आबांकडं वळवलं. अण्णांनी डोळे पुसून आबांकडं बघितलं, मग पुतळ्याकडं बघितलं, परत आबांकडं. आणि ठामपणे मान हलवली.

"ह्यो न्हवं. आकाराम अंगानं भरल्याला हुता."

आता मात्र सगळी मंडळी खो खो हसली. बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. आबा एकटे हसले नाहीत. ते खुर्चीतनं उठून उभे राहिले, काडीसारखे, बनियनवर, आणि शिवतेजकडं बघत राहिले. आता काय करतो बघू, अशा नजरेनं.

शिवतेजला कळलं की आता साक्ष द्यायची ती आपल्यालाच. तो आबांजवळ गेला. त्यांचा हात कोपरापाशी धरला. हाडच होतं सगळं. शेवटचा कधी धरला होता ते त्याला आठवेना, आणि आठवत नाही याचीही नव्यानं लाज वाटली. कान तापले होते, घसा बसला होता, हायवे सगळा बघत होता.

"अण्णा!" तो ओरडला. "ह्यो माझा बाप हाय! ह्योच! त्यो न्हवं, ह्यो!"

"हळू वरड," आबा म्हणाले. "मी भैरा न्हाई."

पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.